नॅनो सॉकेटमध्ये बसवावा की थेट सोल्डर करावा? किनारपट्टीवरच्या नवख्या हॅमसाठी

आजच्या बहुतेक हौशी (हॅम) रेडिओ किटमध्ये फ्रिक्वेन्सी ठरवणारा, डिस्प्ले चालवणारा आणि पीटीटी (प्रसारणासाठी दाबायचे बटण) सांभाळणारा एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे चिपवरचा छोटा संगणक, असतो. हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या बिटेक्स४० आणि मायक्रोबिटेक्स या किटमध्ये रॅड्युइनो नावाच्या छोट्या बोर्डावर आर्डुइनो नॅनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, फ्रिक्वेन्सी तयार करणारा सी५३५१ ऑसिलेटर आणि डिस्प्ले असतो. क्यूआरपी लॅब्जच्या जुन्या क्यूसीएक्स किटमध्ये एटीमेगा३२८पी ही २८ पायांची सुटी चिप असते. त्याच कंपनीच्या क्यूएमएक्समध्ये एसटीएम३२ चिप कारखान्यातूनच बोर्डावर सोल्डर होऊन येते, म्हणजे तिथे हा प्रश्नच नाही. पण नॅनो, पिको, ईएसपी३२ असा सुटा बोर्ड किंवा पायांची चिप किटमध्ये असली, की ती सॉकेटमध्ये घालायची की थेट सोल्डर करायची हे आपल्यालाच ठरवावे लागते.

पहिले किट असेल तर सॉकेट. नवख्याच्या हातून सर्वांत आधी मरतो तो मायक्रोकंट्रोलर बोर्डच. बॅटरीची वायर उलटी लागते, १२ व्होल्ट भलत्या पिनवर जातात किंवा यूएसबीचा पोर्ट ओढाताणीत बोर्डावरून निखळतो. बोर्ड असतो काही शे रुपयांचा. तो सोल्डर केलेला असेल आणि काढताना किटच्या मुख्य बोर्डाचे तांबे उखडले, तर नुकसान हजारांत जाते. शिवाय वेंगुर्ल्यात किंवा गुहागरला बसलेल्या माणसाला नवा नॅनो बहुधा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवावा लागतो. पावसाळ्यात घाट बंद असला तर पार्सल कुठेतरी अडकून पडते. अशा ठिकाणी बिघडलेला बोर्ड दोन मिनिटांत बदलता येणे मोलाचे आहे.

किनाऱ्यावर मात्र याला दुसरी बाजू आहे. सॉकेट म्हणजे दाबावर टिकलेला धातूचा संपर्क, आणि खाऱ्या दमट हवेत सगळ्यात आधी बिघडतो तो हाच. पुण्यात वर्षानुवर्षे निमूट चालणारे स्वस्त सॉकेट मालवणात दुसऱ्या पावसाळ्यात त्रास देऊ शकते. त्यामुळे ‘डोळे मिटून सॉकेट लावा’ हा इंटरनेटवरचा सल्ला इथे अर्धाच खरा आहे. सॉकेट लावा, पण चांगल्या प्रतीचे लावा, नीट बसवा आणि वर्षातून दोनदा त्याच्याकडे बघा. हे जमणार नसेल, किंवा रेडिओ होडीवर, दुचाकीवर फिरणार असेल, तर थेट सोल्डरच बरे. त्याची रीत पुढे दिली आहे.

कोणते सॉकेट घ्यायचे

नॅनोला ३० पिना असतात, १५-१५ च्या दोन ओळींत. दोन पिनांमधले अंतर २.५४ मिमी आणि दोन ओळींमधले १५.२४ मिमी. म्हणून लागतात १५ घरांच्या दोन फिमेल हेडर पट्ट्या, म्हणजे पिना खोचायच्या पट्ट्या. १५ ची तयार पट्टी मिळाली नाही तर ४० घरांची एक पट्टी पुरते. पट्टी कापताना मात्र प्रत्येक कापाला एक घर वाया जाते. १५ घरे मोजा, सोळाव्या घरातली धातूची पट्टी पक्कडीने उपसून काढा आणि त्या रिकाम्या घरातून कापा. पुढची १५ मोजून बत्तिसाव्या घरातून पुन्हा कापा. शेवटी ८ घरांचा तुकडा उरतो, तो डिस्प्लेला किंवा एन्कोडरला (फ्रिक्वेन्सी बदलायची फिरती कळ) उपयोगी पडतो. पंधराव्या आणि सोळाव्या घराच्या मधल्या भिंतीतून कापायला गेलात तर पंधराव्या घराची भिंत फुटते आणि तो संपर्क सैल राहतो.

पिकोला २०-२० च्या दोन ओळी लागतात आणि ओळींमधले अंतर १७.७८ मिमी असते. ईएसपी३२ चे बोर्ड ३० पिनांचेही येतात, ३८ पिनांचेही, आणि त्यांची रुंदी एकसारखी नसते. त्यामुळे किटची भोके मोजल्याशिवाय ते मागवू नका. एटीमेगा३२८पी या सुट्या चिपला २८ पायांचे अरुंद सॉकेट लागते, ७.६२ मिमी अंतराचे. दुकानात २८ पायांचे रुंद सॉकेटही असते आणि दुकानदार सवयीने तेच काढून देतो. म्हणून ‘अरुंद’ असे बजावून सांगा.

गोल भोकांची मशीन्ड पिनची सॉकेटे चिपसाठी उत्तम. चिपचा चपटा पाय त्यात घट्ट बसतो आणि संपर्क चारही बाजूंनी होतो. पण तीच गोल भोकांची पट्टी नॅनोला वापरू नका. नॅनोची पिन चौकोनी असते, ०.६४ मिमी जाड. ती गोल भोकात जोर लावून घुसवली तर आतली स्प्रिंग कायमची फाकते. नॅनोसाठी चौकोनी पिनची साधी फिमेल हेडरच घ्यायची, फक्त बरी प्रत घ्यायची.

बरी प्रत ओळखायची कशी? मुलामा बघा. स्वस्त पट्टीत आतला संपर्क कथिलाच्या मुलाम्याचा असतो, चांगल्या पट्टीत निकेलवर सोन्याचा पातळ थर असतो. किनाऱ्यावर सोन्याचा मुलामा घ्या आणि नॅनोची मेल हेडर, म्हणजे पिनांची पट्टी, तीही तशीच घ्या. एकीकडे सोने आणि दुसरीकडे कथील अशी जोडी सर्वांत वाईट. तापण्या-थंडावण्याने आणि थरथरीने पिन किंचित हलत राहते, दर वेळी कथिलावर नवा ऑक्साइड चढतो, आणि तो सोन्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतो. वरून खारी हवा मुलाम्याच्या बारीक छिद्रांतून आतल्या तांब्या-पितळेपर्यंत पोचते. मग पिनेच्या मुळाशी हिरवट कळंक दिसायला लागतो. एक सोपी चाचणी दुकानातच करता येते. सुटी पिन एका घरात घाला आणि पट्टी उलटी धरा. पिन आपोआप गळून पडली तर ती पट्टी घेऊ नका.

उंचीचाही विचार आधीच करा. साधी फिमेल हेडर ८.५ मिमी उंच, वर मेल हेडरचे काळे प्लास्टिक २.५ मिमी, म्हणजे नॅनोच किटपासून ११ मिमी वर. त्यावर बोर्डाची जाडी आणि यूएसबी पोर्ट धरून १६-१७ मिमी जागा हवी. डब्याचे झाकण पोर्टला घासत असेल तर कमी उंचीची हेडर मिळते, ती लावा.

सॉकेटमुळे रेडिओची फ्रिक्वेन्सी बिघडते, अशी भीती पुष्कळांना असते. ११ मिमी पिनेचे इंडक्टन्स ढोबळ मानाने १० नॅनोहेन्री. ७ मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा अर्ध्या ओहमपेक्षाही कमी. नॅनोवरून जाणारे सिग्नल तर त्याहून बरेच संथ असतात, त्यामुळे ही भीती सोडून द्या. पुरवठ्याच्या पिनांवर मात्र हीच लांबी नडते. प्रसारण करताना बाहेरचा आरएफ (रेडिओ लहरींची ऊर्जा) वायरींतून आत शिरला तर नॅनो मध्येच रीसेट होतो. उपाय स्वस्त आहे. किटच्या खालच्या बाजूला ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या जोडांवरच ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक आणि त्याला समांतर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, पाय शक्य तितके तोकडे ठेवून.

आधी नॅनो तपासा

सोल्डरिंगला हात लावण्याआधी सुटा नॅनो संगणकाला लावा. स्वस्त नॅनोवर बहुधा सीएच३४० ही यूएसबी चिप असते. संगणकाने बोर्ड ओळखला नाही तर तिचा ड्रायव्हर टाका. आर्डुइनो आयडीई या प्रोग्रॅममध्ये बोर्ड ‘नॅनो’ निवडून ब्लिंक स्केच (बोर्डावरचा एलईडी लुकलुकवणारा नमुना) चढवा. चढत नसेल, तर प्रोसेसरच्या यादीत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून पुन्हा पाहा (बूटलोडर म्हणजे यूएसबीवरून प्रोग्रॅम चढवून घेणारा चिपमधला छोटा प्रोग्रॅम). ‘बोर्ड मेला’ म्हणून टाकून दिलेल्या नॅनोंपैकी कित्येक याच एका पर्यायाने जिवंत होतात. डेटा न नेणारी, फक्त चार्जिंगची केबल हेही नेहमीचे कारण आहे.

एलईडी लुकलुकला की मल्टिमीटरने २७ क्रमांकाची पिन म्हणजे ५ व्होल्ट आणि २९ क्रमांकाची म्हणजे ग्राउंड यांच्यामधला व्होल्टेज मोजा. ४.७५ ते ५.२५ च्या आत हवा. यूएसबीवर चालवताना मधल्या डायोडमुळे थोडा कमी, साधारण ४.६ पर्यंत दिसला तरी चालेल. मगच किटचे फर्मवेअर, म्हणजे रेडिओ चालवणारा प्रोग्रॅम, चढवा. सुटी चिप असेल तर ती बहुधा प्रोग्रॅम होऊनच येते, तिला हे काही लागत नाही.

सॉकेट सोल्डर करण्याची रीत

सोल्डर ६३/३७ किंवा ६०/४० चे, ०.७ ते ०.८ मिमी जाडीचे, आत फ्लक्स (सोल्डर नीट वाहावे म्हणून असणारा पदार्थ) असलेले. टोकाचे तापमान ३२० ते ३५० अंश. तापमान ठरवता येणारा आयर्न असेल तर उत्तम. साधा २५ वॅटचा वापरणार असाल तर घरातला व्होल्टेज बघून वापरा. संध्याकाळी वाडीतल्या सगळ्या पंपांनी वीज ओढली आणि २३० च्या जागी १९० व्होल्ट आले, तर २५ वॅटचा आयर्न जेमतेम १७ वॅटचा उरतो. टोक तापत नाही, सोल्डर नीट वाहत नाही आणि वरून गोल गोळा दिसणारे ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेले जोड, तयार होतात. कोकणातल्या किटमधले बरेचसे ‘सॉकेटचे दोष’ मुळात असे संध्याकाळी केलेले जोड असतात. दिवसा, पूर्ण व्होल्टेज असताना काम करा.

१. दोन्ही फिमेल पट्ट्या नॅनोच्या पिनांवर खोचा. नॅनोच साचा झाला, त्यामुळे ओळींमधले अंतर आपोआप बरोबर येते.

२. ही जोडी किटच्या भोकांत बसवा. यूएसबीचा पोर्ट किटवरच्या छापील खुणेप्रमाणेच आहे ना, हे आत्ताच बघा. फिमेल पट्टी दोन्हीकडून सारखीच दिसते, म्हणून ही चूक पुढे लक्षात येत नाही.

३. किट उलटे करून फक्त चार कोपऱ्यांच्या पिना सोल्डर करा. बाजूने बघा. पट्टी तिरकी असेल तर तो कोपरा पुन्हा वितळवून बोटाने दाबा. बोट प्लास्टिकवर ठेवा, पिनेवर नको.

४. आता नॅनो हलकेच, दोन्ही टोकांनी आळीपाळीने उचलत काढून घ्या आणि उरलेल्या २६ पिना सोल्डर करा. एका जोडाला २ ते ३ सेकंद. ग्राउंडच्या पिना मोठ्या तांब्याला जोडलेल्या असतात, तिथे ४-५ सेकंद लागतील. सलग शेजारच्या पिना न घेता एक इकडची, एक तिकडची अशी घ्या, म्हणजे प्लास्टिक वितळत नाही.

५. जादा फ्लक्स लावू नका. पातळ फ्लक्स पिनेच्या कडेने वर चढतो आणि संपर्काच्या आत जाऊन सुकतो. मग कुठलाही जोड चुकलेला नसताना एखादी पिन ‘लागत’ नाही.

६. खालची बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून स्वच्छ करा. फ्लक्सचा चिकट थर दमट हवेत पाणी धरतो, आणि अॅनालॉग पिनांवर, म्हणजे मोर्स की किंवा बटणांच्या रेझिस्टर-साखळीवर, गळती सुरू होते. उन्हाच्या दिवसात नीट चालणारी की पावसात आपोआप डॅश देऊ लागते ती यामुळेच. अल्कोहोल, डिसोल्डर विक (सोल्डर शोषून घेणारी तांब्याची वेणी) आणि फ्लक्स तालुक्याच्या गावातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळतात, मुंबईहून मागवायची गरज नाही.

मायक्रोकंट्रोलर आणि फार तर डिस्प्ले, एवढेच सॉकेटवर ठेवा. सी५३५१ चा छोटा बोर्ड, रिले, ट्रान्झिस्टर यांना सॉकेटचा मोह नको. प्रत्येक सॉकेट म्हणजे खाऱ्या हवेला आणखी एक फट.

नॅनो खोचण्याआधीचा टप्पा

नॅनोच्या पिनांचे क्रमांक डोळ्यांसमोर ठेवा. यूएसबीच्या विरुद्ध टोकाला एका बाजूस १ क्रमांकाची टीएक्स आणि समोर ३० क्रमांकाची व्हीआयएन, म्हणजे बाहेरचा पुरवठा घेणारी पिन. यूएसबीच्या टोकाला १५ म्हणजे डी१२ आणि १६ म्हणजे डी१३. ग्राउंड ४ आणि २९ वर, ५ व्होल्ट २७ वर.

सॉकेट रिकामे असतानाच किटला वीज द्या. ३० व्या घरात किटच्या आकृतीप्रमाणे व्होल्टेज आहे का बघा. २७ व्या घरात ५ व्होल्ट किटकडून येत असतील तर ५ च्या आसपास, आणि नॅनोचा रेग्युलेटर ते तयार करणार असेल तर शून्य दिसेल. ४ आणि २९ ही घरे ग्राउंडला बीप देतात का तपासा. उरलेल्या कुठल्याही घरात ५ पेक्षा जास्त व्होल्ट दिसले तर तिथेच थांबा आणि शॉर्ट शोधा. ही तपासणी पाच मिनिटांची असते आणि नवखे नेमकी हीच गाळतात.

नॅनो उलटा, म्हणजे टोकाला टोक फिरवून बसला, तर काय होते? ३० व्या घरातले १२ व्होल्ट थेट १५ व्या पिनेवर, म्हणजे डी१२ वर जातात. तिथून चिपमधल्या संरक्षक डायोडमार्गे ५ व्होल्टच्या रेषेवर चढतात. चिप तर जातेच, डिस्प्लेही जाऊ शकतो. एकच घर सरकून बसला तर त्याहून वाईट. यूएसबीच्या विरुद्ध बाजूला एक घर सरकलेल्या नॅनोची २९ वी ग्राउंड पिन ३० व्या घरात शिरते आणि ग्राउंडवरच १२ व्होल्ट येतात. हेडरला कुठलीही खाच नसल्यामुळे घट्ट डब्यात, वरून न बघता खोचताना हे सहज होते.

यावर पक्का उपाय म्हणजे चावी करणे. किटमध्ये न वापरलेली एक पिन आकृतीत शोधा, बऱ्याच किटमध्ये १८ क्रमांकाची एआरईएफ मोकळी असते. नॅनोची ती पिन मुळाशी कापा आणि सॉकेटमधल्या त्याच घरात कापलेल्या रेझिस्टरच्या पायाचा तुकडा इपॉक्सीने बुजवा. आता नॅनो चुकीचा बसतच नाही.

खोचताना वीज बंद, बॅटरी सुटी, यूएसबी सुटी. दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. मग आधी अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (प्रसारणाची शक्ती जिरवणारा रेझिस्टर) लावून रेडिओ सुरू करा. हवेत प्रसारण करायचे ते हौशी रेडिओचा परवाना आणि कॉल साइन हातात आल्यावरच.

१३.८ व्होल्टचा पुरवठा थेट व्हीआयएनवर देऊ नका. नॅनोसाठी शिफारस ७ ते १२ व्होल्टची आहे. १३.८ मधून ५ काढताना दर १०० मिलीअँपिअरला ०.८८ वॅट उष्णता त्या नखाएवढ्या रेग्युलेटरवर पडते, आणि डिस्प्लेचा दिवाही त्यावरच असेल तर तो बोटाला चटका देईल इतका तापतो. किटवर स्वतंत्र ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) असेल तर ठीक. नसेल तर वाटेत ७८०८ (८ व्होल्टचा रेग्युलेटर) टाका, उष्णता दोघांत वाटली जाते.

कॅलिब्रेशन नॅनोबरोबर जाते

सॉकेटमुळे बोर्ड बदलणे सोपे झाले म्हणून तो बदलून टाकला, आणि रेडिओ भलत्याच फ्रिक्वेन्सीवर गेला, आवाज चिरका झाला, असा अनुभव येतो. कारण कॅलिब्रेशनचे, म्हणजे फ्रिक्वेन्सी अचूक जुळवण्याचे, आकडे एटीमेगा३२८पीच्या आतल्या १०२४ बाइटच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणारी स्मृती) असतात. नॅनो काढला की आकडेही गेले.

समजून घेण्याची गोष्ट अशी, की ते आकडे नॅनोचे नसतात, किटचे असतात. सी५३५१ चा क्रिस्टल किटवर, क्रिस्टल फिल्टर किटवर. म्हणून जुने आकडे नव्या नॅनोत जसेच्या तसे टाकले की रेडिओ पूर्ववत होतो. मास्टर कॅलिब्रेशन आणि बीएफओ (सिग्नलमधून आवाज परत उभा करणाऱ्या ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी) हे दोन आकडे कागदावर लिहून झाकणाच्या आतून चिकटवा. कॅलिब्रेशनसाठी १० मेगाहर्ट्झवर चीनच्या बीपीएम केंद्राचा वेळ-संकेत सोयीचा पडतो, किटमध्ये तो बँड ऐकू येत असेल तर.

यूएसबीवरून बूटलोडरमार्फत नवे फर्मवेअर चढवले तर ईईप्रॉम शाबूत राहते. आयएसपी प्रोग्रॅमरने (बूटलोडरशिवाय थेट चिपमध्ये प्रोग्रॅम चढवणारे उपकरण) चढवताना मात्र आधी पूर्ण चिप पुसली जाते, आणि ईईसेव्ह हा फ्यूज (चिपमधली एक सेटिंग) लावलेला नसेल तर आकडेही पुसले जातात. नवे फर्मवेअर तेच आकडे दुसऱ्या जागी ठेवत असेल तरीही ते निकामी होतात. एकूण काय, तर आधी लिहून घ्या, मग हात लावा.

एक जादा नॅनो पहिल्याच पार्सलमध्ये मागवा. त्यात तेच फर्मवेअर आणि तेच आकडे टाका, किटमध्ये खोचून एकदा चालवून बघा, खूण करा आणि सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवा.

थेट सोल्डर कधी आणि कसे

होडीवर, दुचाकीच्या डिकीत किंवा पाठपिशवीत फिरणारा रेडिओ, सॉकेटची उंची न मावणारा डबा, आणि फर्मवेअर एकदाचे ठरून गेलेले किट, या तीन ठिकाणी थेट सोल्डर करणे शहाणपणाचे. पहिले सोल्डरिंग करणाऱ्याने मात्र या वाटेला जाऊ नये.

आधी नॅनोला मेल हेडर न लावता तात्पुरत्या वायरींनी किंवा दुसऱ्या सॉकेटवाल्या नॅनोने किट पूर्ण चालवून घ्या, कॅलिब्रेट करा आणि चार संध्याकाळी वापरा. मग सोल्डर करताना सगळ्या ३० पिना लावूच नका. आकृतीत वापरलेल्या पिना आणि मजबुतीसाठी चार कोपरे, एवढ्याच पुरेत. ३० ऐवजी १८-२० जोड असतील तर पुढे काढणे निम्म्याने सोपे होते. न लागणाऱ्या पिना हेडरमधून आधीच उपसून काढा.

यूएसबी पोर्ट डब्याच्या भिंतीला लावून घ्या, नाहीतर फर्मवेअरसाठी दर वेळी डबा खोलावा लागेल. ६ पिनांचे आयएसपी हेडरही मोकळे ठेवा. डी११, डी१२, डी१३ याच रेषांवर आयएसपी चालते. किटने त्यांच्यावर कपॅसिटर किंवा रिलेचा ट्रान्झिस्टर टांगला असेल तर बोर्ड किटमध्ये असताना प्रोग्रॅम होणार नाही.

पिकोच्या कडेला अर्धगोल खाचा असतात, त्यामुळे तो हेडरशिवाय किटवर सपाट चिकटतो. आधी दोन विरुद्ध कोपरे लावा, सरळ आहे याची खात्री करा, मग बाकीच्या ३८ खाचा. बूटसेलचे (प्रोग्रॅम चढवताना दाबायचे) बटण दाबता येईल एवढी जागा वर ठेवायला विसरू नका.

सोल्डर केलेल्या बोर्डावर किनाऱ्यावर अॅक्रिलिक कॉन्फॉर्मल कोटिंगचे (ओल रोखणारा संरक्षक लेप) दोन पातळ हात द्या, फ्लक्स धुऊन बोर्ड पूर्ण सुकल्यावर. यूएसबी पोर्ट, ट्रिमर, एन्कोडर आणि बटणे आधी मास्किंग टेपने झाका. सॉकेटवाल्या किटलाही खालच्या बाजूने कोटिंग चालते, पण सॉकेटच्या घरात एक थेंबही जाता कामा नये.

मिरगाच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास

वर्षातून दोनदा सॉकेट बघणे पुरते. मे अखेरीस, मृगाचा पाऊस लागण्याआधी, आणि पाऊस संपून हवा कोरडी झाल्यावर. वीज तोडा, नॅनो काढा, पिनांवर भिंगातून नजर टाका. हिरवा किंवा पांढरा थर दिसला तर अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. घरांत तेल नसलेला कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या आणि नॅनो तीन-चार वेळा आत-बाहेर करा. या घासण्यानेच ऑक्साइडचा थर तुटतो. पॉलिश पेपर वापरू नका, मुलामा निघून जातो. गंज सोडवायचे तेलकट स्प्रेही नकोत, त्यावर धूळ आणि मीठ चिकटून बसते.

डबा बंद ठेवा. वायरींची भोके रबरी ग्रोमेटने बुजवा, नाहीतर मुंग्या आणि पाली उबेला आत येतात, आणि पालीची लेंडी दोन पिनांवर पडली तर ती पावसाळ्यात वीज वाहते. आत २० ग्रॅम सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की पुडी बदला. ती वाळवायला स्वयंपाकाचे भांडे वापरू नका. पावसाळ्यात रेडिओ रोज अर्धा तास चालू ठेवणे हा सर्वांत सोपा इलाज, आतली ऊब ओल हाकलते. आभाळ गडगडू लागले की अँटेना आणि पुरवठा दोन्ही सोडवा. सॉकेट आहे म्हणून विजेपासून बचाव होत नाही. नॅनोबरोबर सी५३५१ सुद्धा जातो, आणि तो सोल्डर केलेला असतो.

दोष सॉकेटचा आहे का, हे ओळखणे

डिस्प्लेवर वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन दिसत असतील तर नॅनो चालूच नाही किंवा डिस्प्लेच्या एखाद्या रेषेचा संपर्क नाही. आकडे नीट दिसतात, फिरवले की बदलतात, पण रेडिओ मुका आहे, तर संशय २३ आणि २४ क्रमांकाच्या पिनांवर, म्हणजे ए४ आणि ए५ वर. सी५३५१ ला आज्ञा याच दोन रेषांनी जातात. आकडे मध्येच गोठतात आणि बटणालाही दाद मिळत नाही, तेही बहुधा याच रेषांमुळे. संपर्क क्षणभर तुटला की प्रोग्रॅम उत्तराची वाट बघत अडकून राहतो. एन्कोडर एका दिशेला फिरवला तरी आकडे मागेपुढे उड्या मारत असतील, तर आधी एन्कोडर तपासा, सॉकेट नंतर.

खात्री अशी करा. रेडिओ चालू ठेवून लाकडी काडीने नॅनोचा एकेक कोपरा हलकेच दाबा. कुठे दाबल्यावर फरक पडतो ते ध्यानात घ्या. मग मल्टिमीटर मिलीव्होल्टवर लावून एक टोक किटच्या खालच्या जोडावर आणि दुसरे नॅनोच्या वरच्या बाजूला त्याच पिनेच्या जोडावर टेकवा. ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या पिनांवर एक-दोन मिलीव्होल्ट दिसणे ठीक. २० च्या वर गेले तर ते घर खराब आहे. ते एक घर वाकवून घट्ट करण्यापेक्षा अख्खी पट्टी बदला.

सोल्डर केलेला नॅनो काढायचा झाला तर

नॅनो वाचवायचा विचार सोडा, किट वाचवा. हॉट एअरने ३० पिना एकदम सुटतील या आशेने बोर्ड भाजू नका, पॅड (भोकांभोवतीचे तांबे) उखडतात. बारीक कटरने दोन बोर्डांमधले काळे प्लास्टिक तुकड्या-तुकड्याने तोडा. पिना उघड्या पडल्या की त्या एकेक कापा. नॅनो मोकळा होऊन निघेल आणि किटवर पिनांचे खुंट उरतील. एक खुंट वरून चिमट्याने धरा, खालून तापवा, अलगद ओढा. ओढायला जोर लागत असेल तर सोल्डर वितळलेलाच नाही. ग्राउंडच्या खुंटांना आधी ताजे सोल्डर लावा आणि टोक ३७० अंशांवर न्या.

भोके सकरने (वितळलेले सोल्डर ओढून घेणारा पंप) किंवा विकने मोकळी करा. अडलेल्या भोकात तापवताना स्टीलची सुई घालून फिरवा, तिला सोल्डर चिकटत नाही. शेवटी प्रत्येक भोकाचे कडे भिंगातून बघा. एखादे उखडले असेल तर त्या रेषेचा पुढचा जोड आकृतीत शोधून बारीक इन्सुलेटेड वायरने जोडून घ्या. मग सगळ्या भोकांची शेजारच्या भोकांशी बीप चाचणी करा आणि या वेळी १५-१५ च्या फिमेल हेडर लावा.